डेमोकाका

डेमोकाकांच्या घरी चहा उत्तम मिळतो, पण तो येईपर्यंत शनीची कडी बघावी लागतात. तुम्ही मेंटेनन्सची पावती द्यायला गेलेले असता, नाहीतर त्यांच्याकडे चुकून गेलेलं तुमचं कुरिअर आणायला. "बसा हो, पाचच मिनिटं," म्हणेपर्यंत त्यांनी एचडीएमआयची वायर टीव्हीत खुपसलेली असते, पडदे ओढलेले असतात आणि भर दुपारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये रात्र झालेली असते. स्टेलॅरियम नावाचं तारांगणाचं सॉफ्टवेअर हे त्यांचं कुलदैवत. स्थळ पुणे, तारीख हवी ती, वेळ हवी ती. "तुमची जन्मतारीख आणि वेळ सांगा, तुम्ही जन्मलात तेव्हा आकाश कसं होतं ते दाखवतो." या एका वाक्यानं त्यांचा भलताच लौकिक झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मुलाची आणि एका स्थळाची जन्मवेळ चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या आणि मंगळ कितव्या घरात आहे ते तेवढं बघून द्या म्हणाल्या. डेमोकाका दुखावले. "मंगळ घरात नसतो हो, आकाशात असतो," एवढं बोलून त्यांनी मंगळ मोठा करून दाखवला. काकूंना तो पुरेसा कडक वाटला आणि त्यांनी स्थळाला नकार कळवला.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते आता टपालवालाच वापरतो. वय पंचेचाळिशीचं, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची, खांद्याला कायम एक सॅक आणि सॅकमध्ये जगातल्या कुठल्याही टीव्हीला जोडता येईल अशा वायरी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती सॅक दोन पायांच्या मध्ये असते. घरात दोन मुलं, मुलगी सातवीत आणि चिरंजीव तिसरीत. या दोघांसाठी आंतरजालावरून चांगलं, शैक्षणिक आणि शक्यतो फुकट असं सगळं गोळा करणं हा काकांचा दुसरा, बिनपगारी जॉब. ब्राउझरमध्ये त्यासाठी एक फोल्डर आहे, 'मुलांसाठी'. त्यात 'मुलांसाठी नवीन', त्यात 'मुलांसाठी फायनल' आणि त्याच्याही पोटात 'हे नक्की बघायचं'. मुलांनी तो फोल्डर उघडल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

कुठल्याही गोष्टीची शिफारस करताना काकांचा सूर एकच असतो. आधी "फ्री आहे." मग एक छोटासा विराम. मग "पूर्णपणे." मग आवाज खाली आणून, जणू गुप्त धन दाखवतायत अशा थाटात, "जाहिरातसुद्धा नाही." शेवटी टाळी मागत, "इन्स्टॉलही करायला लागत नाही, ब्राउझरमध्येच चालतं!" समोरच्यानं टाळी दिली की लिंक येते. नाही दिली तरी येते.

मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी कंपास आणि खोडरबर वाटण्याच्या प्रथेला फाटा दिला. प्रत्येक मुलाला एक जाड कार्ड, त्यावर दहा क्यूआर कोड. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर होतं, ज्यावर मराठीतली चित्रमय गोष्टींची पुस्तकं फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोश होता, बालभारतीची पुस्तकं होती. निवड अगदी नामी, मी स्वतः त्यातल्या निम्म्या गोष्टी अजून वापरतो. पण आठ वर्षांच्या पोरांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकानं विचारलं, "काका, याच्या आत काय आहे?" काका म्हणाले, "आत सगळं जग आहे." पोरानं कार्ड हलवून पाहिलं. शेवटी काकांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, गुपचूप प्रत्येकाच्या हातात एकेक चॉकलेट कोंबलं.

वहिनी बँकेत आहेत आणि हिशेबाला पक्क्या. मुलांना दिवसाला एक तास स्क्रीन, असा घरचा कायदा त्यांनीच केला. काकांनी त्यात पहिल्याच दिवशी पोटकलम घातलं की शैक्षणिक असेल तर तो वेळ धरायचा नाही. त्यावर वहिनींनी दिलेला निकाल आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे. "शैक्षणिक असलं तरी डोळे तेच असतात." काकांनी अपील केलं नाही. ते पडद्यावरून खाली उतरले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले, कारण मध्यंतरी त्यांना अरविंद गुप्तांची वेबसाइट सापडली होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आयआयटी कानपूरला शिकलेल्या या गृहस्थांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं असल्या कबाडातून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी अनेक वर्षं मुलांना ती करायला शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणी कशी करायची त्याचे व्हिडिओ आणि मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं त्यांनी साइटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. साइट अप्रतिम आहे याबद्दल वाद नाही. वाद एवढाच होता, की त्या महिन्यात वहिनींना देवापुढे निरांजन लावायला घरात काडी सापडेना. काड्यांचे षट्कोन झाले होते, नारळपाण्याच्या स्ट्रॉच्या पिपाण्या झाल्या होत्या आणि जुन्या सीडीचा भोवरा सोफ्याखाली फिरत होता. मुलं? मुलं पहिल्या दोन पिपाण्यांनंतर खाली खेळायला गेली. उरलेल्या सतरा काकांनी एकट्यानं केल्या, लांबीनुसार लावल्या आणि रात्री साडेदहाला त्यांवर सारेगम वाजवून पाहिलं.

इथेच या माणसाचं मर्म आहे असं मला वाटतं. मुलं हे निमित्त. डेमो मुलांचा असला तरी माऊस काकांच्या हातात असतो. "बघ, हे असं ओढायचं… थांब, मी दाखवतो… थांब जरा…" असं म्हणत ते इतके आत शिरतात की मूल उठून गेल्याचं त्यांना वीज गेल्यावर कळतं.

कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट त्यांनी चिरंजीवांना दाखवलं तेव्हा मी होतो. पडद्यावर तारा, बल्ब, बॅटऱ्या, लोलक, लंबक यांचे प्रयोग करून बघता येतात. काकांची प्रस्तावना ऐकण्यासारखी होती. "२००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन नावाच्या माणसानं २००२ मध्ये हे सुरू केलं. आणि मराठीतही आहे. फ्री आहे. पूर्णपणे." चिरंजीवांनी बल्ब न जोडता नुसतीच तार बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावली. पडद्यावर बॅटरीनं पेट घेतला. पोराचा चेहरा उजळला. पुढचा अर्धा तास त्यानं एकामागून एक बॅटऱ्या पेटवल्या. वहिनी म्हणाल्या, "हे शिकतोय तो?" काका कृतार्थ स्वरात म्हणाले, "शॉर्ट सर्किट शिकतोय."

आणि "हे आपल्या वेळी असतं ना…" हे काकांचं लाडकं वाक्य. ते कधीच पूर्ण होत नाही. त्यांची 'आपली वेळ' म्हणजे सांगोला, एक दूरदर्शन आणि त्यावर लागणारा 'टर्निंग पॉइंट'. विज्ञानाचा तो कार्यक्रम त्या पिढीच्या बऱ्याच लोकांना आठवत असेल. त्यात प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. काकांनीही दहाव्या वर्षी पोस्टकार्ड टाकलं होतं, 'काजव्याला स्वतःच्या उजेडाचा चटका का बसत नाही?' पत्र पोचलं की नाही कोण जाणे. उत्तर त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी, ऑफिसात, काम सोडून भलतंच काही वाचताना मिळालं. काजव्याचा उजेड रासायनिक क्रियेतून येतो आणि त्यात उष्णता जवळजवळ निघतच नाही, तो थंड उजेड. हे ते मला पार्किंगमध्ये सांगत होते, हेल्मेट हातात, आणि त्यांचे डोळे नुकतंच पोस्टकार्डाला उत्तर आल्यासारखे झाले होते. बालभारतीनं 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन ठेवलेत, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. लिंक अर्थातच 'मुलांसाठी' आली होती. पण सगळे झोपल्यावर लहानपणी कुणीतरी नेऊन परत न केलेले अंक काढून स्वतः काकाच वाचत बसतात, ही बातमी वहिनींकडची.

एका संध्याकाळी त्यांनी अख्खी सोसायटी गच्चीवर गोळा केली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पुण्यावरून जाणार होतं. ते कधी, कुठून दिसेल हे नासा आगाऊ कळवते, आणि काकांनी ते लिफ्टमध्ये चिकटवलं होतं. वेळ झाली, लुकलुकणारा दिवा आला, टाळ्या पडल्या. ते लोहगावला उतरणारं विमान निघालं. "लुकलुकत नाही तेच आपलं!" काका ओरडले. आणि मग ते आलं. अगदी शांत, ठळक, सरळ रेषेत. "चारशे किलोमीटर उंचीवर, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर, दीड तासात पृथ्वीला एक फेरी," काका धावतं समालोचन करत होते. "आपल्याकडे अंधार पडला तरी तिथे अजून ऊन आहे, म्हणून चमकतंय." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "माणसं आहेत त्यात?" आहेत, नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही ते रिकामं नाही, असं कळल्यावर आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग यांचा किराणा कोण पोचवतो?" त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच, असं काकांनी जाहीर केलं आणि मालवाहू यानांवर गच्चीतच एक डेमो झाला. पाचच मिनिटं म्हणाले होते. डास फार होते.

काकांना हरवणं तसं सोपं आहे, नमवणं मात्र कठीण. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन नावाचं ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. जूनच्या सुरुवातीला काका सकाळी फोन उंच धरून गॅलरीत उभे होते. ॲपनं विचार करून इंग्रजीत नाव दिलं, कॉमन हॉक कुकू. आत त्यांच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पावशा आहे तो. 'पेरते व्हा' म्हणतोय. त्याला फोन कशाला दाखवतोस?" दुसरा कुणी ओशाळला असता. काका धावत आत गेले, फोन आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "आई, अजून कुठले आवाज येतात तुला? एकेक कर." त्या दिवसापासून आजींच्या आवाजातले कोतवाल, भारद्वाज आणि टिटवी एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. टिटवी उत्कृष्ट आहे. नातवंडांनी हा एकच फोल्डर आपणहून उघडला.

मुलीनं मात्र बापाच्या लिंकांना तीन वर्षं दाद दिली नव्हती. एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली आणलेलं स्क्रॅच, ज्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मुलं प्रोग्रॅम लिहितात आणि नारिंगी मांजर त्यांच्या हुकमानं नाचतं, त्यावर काकांनी तिचं खातं ती तिसरीत असतानाच उघडून ठेवलं होतं. तिनं ढुंकून पाहिलं नाही. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीनं सांगितलं म्हणून ती बसली आणि कुणाला न विचारता एक गेम करून मोकळी झाली. गेमचं नाव 'बाबा आले'. हातात बॅट घेतलेल्या मुलानं बेडरूममधून दारापर्यंत पोचायचं, मध्ये चष्मेवाले, पोट सुटलेले बाबा लॅपटॉप घेऊन कुठूनही येतात. बाबांनी गाठलं की त्यांच्या तोंडून फुगा निघतो, 'पाचच मिनिटं', आणि एका सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

काकांनी तो गेम पूर्ण रात्र खेळून सकाळी टेस्टिंगचा रीतसर रिपोर्ट दिला. दोष क्रमांक एक, प्रत्येक लेव्हलला बाबांचा वेग वाढतो, ते दमत नाहीत. लेक म्हणाली, "ते तसंच आहे." मग लिंक सोसायटीच्या ग्रुपवर पडली, फ्री, पूर्णपणे, जाहिरातसुद्धा नाही. आता आमच्या तीनही विंगमधली पोरं काकांना चुकवत दाराबाहेर पळतायत, पडद्यावर आणि जिन्यातही. काकांची तक्रार एकच, प्रश्न फार सोपे आहेत. म्हणून त्यांनी दीडशे नवे प्रश्न, विषयवार, लेकीला मेलनं पाठवलेत. तिनं ती मेल अजून उघडलेली नाही. पण पुढच्या लेव्हलमध्ये म्हणे बाबांच्या हातात लॅपटॉपऐवजी एक्सेलची शीट असणार आहे.