पोर्चमधली विलीज

जुनी जीप बंगल्याच्या पोर्चमध्ये येऊन उभी राहिली की पहिला बळी घरच्या शांततेचा जातो. दुसरा जीपच्या जुनेपणाचा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. वायरिंग 6 व्होल्टचं. पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या बुडाखाली. पंपावर आधी साहेबांनी उठायचं, गादी उचलायची, मग झाकण उघडायचं. महिंद्रांनी पुढे मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातलं एखादं गंजलेलं धूड हौशी माणूस बरोबर हुडकून आणतो. का? तर म्हणे तिच्यात आत्मा आहे.

मग आत्मा सोडून बाकी सगळं बदललं जातं. इंजिन डिझेलचं, स्टिअरिंग पॉवरचं, ब्रेक डिस्कचे, टायर ट्रॅक्टरने मान खाली घालावी असे. पुढे विंचही बसते. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी अडलीच तर ओढून काढायला!

सगळं जमल्यावर आरटीओची आठवण होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असले परस्पर केलेले बदल चालवून घेत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. निरीक्षक मात्र आधी चासी नंबरचा ठसा मागतो. कागद लावून पेन्सिल घासली जाते, उमटत काहीच नाही. नंबर लांबीखाली, त्यावर खास मिलिटरी हिरव्या रंगाचे थर. मालक पॉलिश पेपर शोधायला निघतो.