परतभेट

चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग आपल्याकडे महाराष्ट्रात येऊन गेला त्याला चौदाशे वर्षं होत आली. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं आणि साक्षात हर्षवर्धनाचंही त्याच्यापुढे काही चाललं नव्हतं. इथली माणसं मानी आहेत, केलेले उपकार विसरत नाहीत आणि झालेला अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं काहीसं तो लिहून गेला. शाळेत हे वाचल्यापासून आमचे हे त्याकडे सरकारी दाखला म्हणून बघतात. त्यातला अपमानाचा भाग त्यांनी विशेष मनावर घेतला आहे. त्यामुळे चीनला जायचं ठरलं तेव्हा बीजिंग बाजूला पडलं आणि शिआनचं तिकीट निघालं. ह्युएन त्संग तिथूनच निघाला होता आणि परतलाही तिथेच. “तो येऊन गेला, आपण परतभेट द्यायला नको?” असा प्रश्न आल्यावर मी काय बोलणार!

तो बादशहाची परवानगी न घेताच निघाला होता. आपल्याला ती सोय नाही. व्हिसा तर हवाच, शिवाय पासपोर्ट सतत जवळ ठेवावा लागतो, कारण रेल्वेपासून संग्रहालयापर्यंत सगळी तिकिटं त्याच्यावरच निघतात. हॉटेलात गेल्या गेल्या तो मागून घेतात आणि पोलिसांकडे नोंद करतात. कुणाच्या घरी उतरलात, तर चोवीस तासांच्या आत ही नोंद स्वतः जाऊन करायची असते.

पैशांचं मात्र पुण्यातच उरकून घ्यावं. तिथे भाजीवालाही क्यूआर कोड पुढे करतो. अलीपे किंवा वीचॅटला आपलं कार्ड घरूनच जोडून न्यावं, आणि इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवावं, नाहीतर बँकेचा ओटीपी पुण्याच्या बंद फोनवर येऊन पडतो आणि आपण शिआनमध्ये केळी हातात धरून उभे. गूगल तिथल्या वायफायवर उघडत नाही. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड पर्समध्ये ठेवलं, की निदान रात्री मुक्कामी पोचता येतं.

ह्यांचा पहिला अपमान विमानतळावरच झाला. तिथल्या देशांतर्गत विमानात ‘थ्री-सी’ हा चिनी प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही, २०२५च्या जूनअखेरीपासून. आमच्या पॉवर बँकेवर तो नव्हता. ती तिथल्या टोपलीत गेली आणि ह्यांच्या डोक्यातल्या वहीत नोंद झाली.

दुसरी नोंद बाजारात. ह्वेमिन च्ये ही तिथल्या हुई मुसलमानांची खाऊगल्ली. एका गाडीवर पर्सिमॉनच्या गोड टिकिया तळत होते. ह्यांनी भाव विचारला, तर त्या माणसाने अंगठा आणि करंगळी ताणून हात हलवला. ह्यांना वाटलं, फोन मागतोय. विश्वासाने दिला. त्याने फोन उलटसुलट बघून परत केला आणि पुन्हा तीच खूण केली. मागच्या रांगेतली पोरं हसली. तिथे एका हातावर दहापर्यंत मोजतात. ही खूण सहाची. सहा युआन! निघण्याआधी हे दहा आकडे पाठ करावेत. दहा वाक्यं पाठ करण्यापेक्षा सोपे आहेत आणि उच्चार चुकायची भीती नाही.

गुरुवारी मी मांसाहार करत नाही, त्यामुळे माझी पंचाईत होईल असं वाटलं होतं. नुसतं ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही, वर मटणाचा खिमा असू शकतो. पण ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, असं म्हटलं आणि बौद्ध पद्धतीचं उपाहारगृह शोधलं, की प्रश्न मिटतो. तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो. आमच्या सासूबाईंचा चातुर्मास तिथे निर्वेध पार पडला असता. पाणी नळाचं पिऊ नये, पण उकळतं पाणी स्टेशनात, गाडीत, सगळीकडे फुकट मिळतं. थर्मास नेला तर बाटल्यांचा कचरा तेवढा कमी. आणि हो, पर्समध्ये टिश्यू पेपर हवाच. कुठे लागतो ते सांगत नाही.

मातीची फौज पाहिली. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेली ती. स्टेशनबाहेर ‘चला, स्वस्तात नेतो’ म्हणणारे भेटतात आणि आधी पुतळ्यांच्या दुकानात नेतात, एवढं सांगून पुढे जाते. १ ते ७ ऑक्टोबर तिकडची राष्ट्रीय सुट्टी. त्या आठवड्यात गेलात तर फौजेपेक्षा पर्यटकांच्या पाठीच जास्त दिसतील.

ह्यांचं लक्ष खरं तर जंगली हंसाच्या थोरल्या पॅगोड्याकडे होतं. ह्युएन त्संगने ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ आणले, वीस घोड्यांवर लादून. ते ठेवायला ६५२ साली हा मनोरा बांधला. सिंधू ओलांडताना त्याची काही पोथ्यांची गाठोडी पाण्यात गेली होती, तेव्हा त्याने नव्या प्रती मागवून घेतल्या. हे ऐकून ह्यांना पॉवर बँक आठवली. “त्यानं नदीवर राग धरला नाही,” मी म्हटलं. भारताला चिनीत ‘यिन्दू’ म्हणतात, तो शब्दही त्यानेच पक्का केला. पॅगोड्याच्या पायथ्याशी एका आजींनी आम्हाला न्याहाळून तोच शब्द उच्चारला, तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला की जणू पुलकेशीने स्वतः ओळख करून दिली.

शेवटच्या दिवशी फाओमो खायला गेलो. मटणाच्या रश्शातली भाकरीच म्हणा, पण कुस्करायची आपण. रिकामा वाडगा आणि दोन जाड, कडक रोट्या समोर येतात. हाताने बारीक तुकडे करायचे, मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून शिजून येतो. तांबड्या रश्शात भाकरी चुरणाऱ्या माणसाला हे काय शिकवायचं, म्हणून ह्यांनी दोन मिनिटांत काम संपवलं. वाढणाऱ्या मुलीने वाडग्यात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि वाडगा तसाच परत ठेवला. तिसरी नोंद होणार, एवढ्यात ती समोर बसली आणि स्वतः तुकडे करू लागली. हरभऱ्याच्या डाळीएवढे, एकसारखे. वीस मिनिटं. मधूनच ह्यांचा एखादा तुकडा उचलून दोघांना दाखवायची आणि हसायची. मग रस्सा आला, सोबत गोड मुरवलेला लसूण. टिप द्यायची तिथे पद्धत नाही. दिली असती तर ती मागे धावत आली असती.

उपकार राहिला की अंगावर! ह्यांनी पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढलं. मी हात धरला. दारावर हलालची पाटी होती, आणि अशा ठिकाणी बाहेरचं खाणं आत उघडत नाहीत. मग तिलाच खुणेने उंबऱ्याबाहेर बोलावलं. फोनवरच्या अनुवादकाला पाकिटात मांसाचा अंश नाही हे तिला सांगायला लावलं. तिने चिमूटभर तोंडात टाकला, मग मूठभर, वर थर्मासमधलं गरम पाणी प्यायली आणि अंगठा नि करंगळी ताणून हात हलवला.

तिकडच्या तरुण पोरांत या खुणेचा अर्थ ‘एकदम भारी’ असाही होतो, हे मला पुण्याला परतल्यावर कळलं. ह्यांचं तोंड मात्र तिथल्या तिथे उतरलं.

“दहापैकी सहाच?”