अल्माबाईंची बाहुली

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या, मोठ्याने नाही बोलता यायचं. ऐकलंत का त्या चित्रकार कोकोश्काचं? तोच हो, व्हिएन्नाचा, अल्माबाईंचा! तिचा नवरा, तो संगीतकार माहलर, जाऊन वर्षही पुरं झालं नव्हतं, आणि हा चित्रं काढायच्या निमित्ताने तिच्याकडे... जाऊ दे, आपण कशाला तोंड विटाळायचं. तिला बत्तीस, ह्याला सव्वीस. ह्याच्या आईला तर ती डोळ्यांसमोर नको.

ती म्हणे, आधी मास्टरपीस काढ, मग लग्न करीन. असं कोणी म्हणतं का? पण ह्या खुळ्याने काढलं ना! ती 'वाऱ्याची नवरी' हो, वादळात दोघं आडवी. नीट बघा कधी. ती ह्याच्या खांद्यावर गाढ झोपलीय, आणि हा टक्क जागा. तिथेच कळायला हवं होतं. १९१५ च्या ऑगस्टात बाई त्या वास्तुकार ग्रोपियसशी लग्न लावून मोकळ्या, आणि त्याच महिन्यात लढाईत ह्याच्या डोक्यात गोळी.

तर काय सांगत होते... हां, बाहुली! अल्मा हातची गेली, तेव्हा म्युनिकच्या त्या बाहुल्या करणाऱ्या हर्मिने मोसबाईंना ह्याने ऑर्डर दिली. अल्माच्या मापाची, अगदी माणसाएवढी. पत्रांवर पत्रं, गोलाई कुठे किती, कातडी हाताला कशी लागली पाहिजे... शी, मला तर सांगतानाच लाज वाटते. १९१९ मध्ये ड्रेस्डेनला खोका आला. उघडला मात्र, चेहरा असा पडला म्हणता! बाहुलीच्या अंगभर झिपरी लव, जणू पायपुसणंच. आता मोसबाईंची काय चूक, शिवून का कुठे बायको होते?

तरी टाकली नाही हो. उलट मोलकरणीकरवी गावात कुजबुज सोडली, आमच्या साहेबांकडे एक अबोल बाई राहते म्हणून. स्वतःच स्वतःची बदनामी! मग आपण काय करायचं?

आणि तिलाच मॉडेल करून चित्रं रंगवली. 'निळी बाई' तिचीच. निळा झगा, रंग थापून थापून लावलेला, अंग कसं लुळं पडलेलं. कोपऱ्यावरच्या काकूंना मी फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "बिचारी, आजारी दिसते." म्हटलं, "अहो काकू, बाहुली आहे ती!" असा चष्मा काढला त्यांनी, आणि पुढे अक्षर नाही. मला विचाराल तर झोपलेल्या अल्मापेक्षा ह्या चिंध्यांच्या बाईचीच जास्त कणव येते.

शेवट ऐका. एका रात्री पार्टी, शॅम्पेन, बँड, आणि पहाटे ह्याने तिचं मुंडकं उडवून अंगावर रेड वाइन ओतली! सकाळी पोलीस दारात. बागेत प्रेत पडलंय, रक्त सांडलंय म्हणून कोणीतरी कळवलेलं. हे त्याने स्वतःच सांगितलंय हं, माझ्या पदरचं काही नाही.

बाहुली गेली कचऱ्याच्या गाडीतून. 'निळी बाई' मात्र श्टुटगार्टच्या म्युझियममध्ये आहे. लेकाकडे जर्मनीला जाणार ना दिवाळीनंतर? बघून या, आणि आल्याबरोबर आधी मला सांगा.