दोन बोटं कमी

पाटी चांगली मोठी होती. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, चक्कर येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. यांपैकी काहीही असल्यास कृपया या राइडवर बसू नये. गरोदरपण सोडलं तर ती माझीच फाइल होती. फक्त आमच्या डॉक्टरांनी ती इतक्या सुवाच्य अक्षरात कधी लिहिली नव्हती.

मी खिशातली बीपीची गोळी चाचपली आणि रोलर कोस्टरच्या रांगेत उभा राहिलो. इलाजच नव्हता. सोसायटीची सहल होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने "काका, तुम्हीसुद्धा?" असं विचारलं होतं. हाच प्रश्न विचारताना सीझरलाही एवढा मनस्ताप झाला नसेल. सीझरचं निदान वय तरी कुणी काढलं नव्हतं.

मला भीती वाटली की मी माहिती सांगू लागतो. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना, मी त्यांना दंतवैद्यकाचा इतिहास ऐकवलेला आहे. त्यामुळे रांग पाच पावलं सरकली तेव्हा मी त्या मुलाला विचारलं, "गाडी उलटी होते तेव्हा रुळावरून पडत का नाही, सांग बरं?"

त्याने कानातलं यंत्र काढलं. इथेच तो फसला.

मग मी सांगितलं की चाकांच्या तीन जोड्या असतात. एक रुळावर धावणारी, एक बाजूने टेकणारी आणि एक रुळाला खालून धरून ठेवणारी. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलरने १९१९ साली घेतलं. गाडी चढावर असताना टक-टक-टक असा आवाज येतो तो खटक्याचा. गाडी वर ओढणारी साखळी तुटलीच, तर खटका दात्यात अडकून गाडी मागे घरंगळू देत नाही. "म्हणजे तो आवाज येतोय तोवर आपण सुरक्षित आहोत," मी समारोप केला.

"आणि वर गेल्यावर आवाज बंद होतो तेव्हा?"

मी विषय लूपकडे वळवला. लूप नीट बघितला तर तो गोल नसतो, वर निमुळता होत गेलेला असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ साली चांगला वर्तुळासारखा गोल लूप बांधला होता, आणि त्यातून माणसं मान धरून उतरायची. गोल रुळावर शिरल्याशिरल्या जो दणका बसतो तो मानेला सोसत नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात हे गणित सुधारलं आणि आजचा थेंबासारखा लूप आला. राइडसाठी आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं आय.एस. १५४७५ आहे, हेही मी सांगितलं. सोसायटीच्या खजिनदारांना वाटलं मी बँकेच्या शाखेचा कोड देतोय. त्यांनी तो लिहून घेतला.

आता थोडं कॉश्च्यूमविषयी. विषयाशी त्याचा संबंध आहे. नसता तरी मी बोललोच असतो.

त्या दिवशी सकाळचा कार्यक्रम पाण्यातला होता. वॉटरपार्कच्या दारात सुती कपड्यांना बंदी असते, नायलॉनच लागतं. यावर तिथे रोज भांडणं होतात, कारण पाण्यात उतरायचे कपडे म्हणजे घरातले सगळ्यात जुने कपडे, अशी आपली पक्की समजूत आहे. नाशिकच्या रामकुंडापासून गणपतीपुळ्यापर्यंत माणसं याच तत्त्वावर भिजत आली. मग इथेच काय बिघडलं? बिघडतं ते असं, की सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायांत गुंडाळतं आणि त्याचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये जातात. जीन्सच्या पितळी टिकल्या फायबरच्या घसरगुंडीवर ओरखडे काढतात आणि मग त्या ओरखड्यांवरून पुढच्या माणसाची पाठ जाते. ओढणी, पदर, गळ्यातला काळा दोरा, मनगटावरचा गंडा. यातलं काय कुठे अडकेल त्याचा भरवसा नाही. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात गेली, ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतून. ती तर रस्त्यावरची साधी मोटार होती. गो-कार्टिंगच्या गाडीत मोकळे केस सोडून बसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी; तिथे चाक आणि इंजिन पाठीला लागूनच असतं.

हे सगळं मला मान्य आहे. माझं भांडण फक्त मापाशी आहे. भाड्याच्या खिडकीतल्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत वळून ओरडला, "एक डबल एक्सेल!" एवढ्या मोठ्याने ओरडायचं काही कारण नव्हतं. मागे सोसायटीच्या महिला मंडळाची रांग होती.

"लार्ज," मी म्हणालो.

"काका, फाटला तर डिपॉझिट परत मिळत नाही."

"लार्ज."

लार्ज मिळाला. त्यावर लहान लहान डॉल्फिन छापलेले होते. मी घातल्यावर त्यांचे देवमासे झाले. पण बाहेर आलो तर समोर आमचे अध्यक्ष उभे, तसेच डॉल्फिन अंगावर घेऊन. याच गृहस्थांनी मला पार्किंगवरून नोटीस पाठवली होती. त्यांच्या पोटावरचा एक मासा जबडा पसरून माझ्याकडे बघत होता. त्यांच्या नोटिशीची भीती तिथेच संपली. माझं तर म्हणणं आहे, की सर्वसाधारण सभा कॉश्च्यूममध्येच घ्यावी. निम्मे ठराव बिनविरोध मंजूर होतील. बायकोने यातलं काहीच मनाला लावून घेतलं नाही. तिने पाटी वाचली, मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ लॉकरमध्ये ठेवलं, किल्ली रबरी पट्ट्याने माझ्या मनगटाला अडकवली आणि "हरवली तर बघा" एवढंच म्हणून लाटांच्या तलावात निघून गेली. मी उरलेली सकाळ मनगट पाण्याबाहेर धरून काढली.

मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यापाशी वजनकाटा होता. काट्यावर उभं राहून पोट आत घेतल्याने वजन कमी होत नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. तरी घेतलं. वर पोचल्यावर तिथल्या मुलाने आडवं व्हायला सांगितलं: पाठीवर, पाय पुढे, घोटा घोट्यावर, हात छातीवर. ही पोझ मी आधी फक्त ममीच्या चित्रात पाहिली होती. पण एवढ्या वेगात हात पसरलेला असला तर तो कडेवर आपटतो, आणि पाय फाकलेले असले तर खाली पाणी कुठे आणि किती जोराने लागतं ते या मासिकात लिहिता येणार नाही. आधीचा माणूस खालच्या कुंडातून बाहेर पडल्याची खूण होईपर्यंत तो मुलगा सोडत नाही. मागचे ओरडत असतात, "अरे सोड की लवकर!" तो ढिम्म.

लाटांच्या तलावावरचा लाइफगार्डही असाच. आमच्या खजिनदारांनी त्याला दोन चांगले विनोद सांगितले. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. "शिष्ट आहे," असा निकाल लागला. पण बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा 'वाचवा, वाचवा' ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि त्याच्याकडे तोच नसतो. गाण्यांच्या गोंगाटात, शे-दीडशे आनंदी डोक्यांमधून एखादं डोकं गप्प झालेलं शोधायचं, हे त्या पोराचं काम. विनोदाला हसायला त्याने मान वळवायची कशी?

असो. रांगेत परत येऊ.

आमच्या पुढे एक कुटुंब होतं. आई, वडील आणि सहा-सात वर्षांची मुलगी. या मुलीला मी सकाळी तिकीट खिडकीवर पाहिलं होतं. तिथे तिकीट उंचीवर असतं, म्हणून वडिलांनी तिला खांदे धरून खाली दाबलं होतं आणि गुडघ्यात वाकायला लावलं होतं. आता राइडच्या दाराशी उंचीची पट्टी आली, तशी तीच मुलगी टाचा उचलून उभी. पायात जाड तळव्याचे बूट, केसांचा डोक्यावर बुचडा. एका दिवसात एवढी वाढ कुठल्याही टॉनिकने होत नाही.

दारावरच्या मुलाने बुचड्यावर हलकेच तळवा ठेवला, तो खाली दाबला आणि म्हणाला, "दोन बोटं कमी आहे, साहेब. नाही बसता येणार."

मग ते सगळं झालं जे होतं. दोन बोटांनी काय होतंय. मी धरून बसतो ना तिला. पूर्ण पैसे भरलेत (हे तर शुद्ध खोटं होतं). तुझा मॅनेजर कोण आहे? रांगेतून आवाज आले, "जाऊ दे रे, लहान मूल आहे, हिरमुसेल." तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा, उन्हाने कानशिलं करपलेली, गळ्यात शिट्टी, नुसता "नाही साहेब, नाही साहेब" करत राहिला. एकदाही आवाज चढवला नाही.

इथे मात्र मला खरोखर संताप आला, आणि तो विनोदात बसवता येत नाही. उंचीची पट्टी त्या पोराच्या लहरीवर ठरलेली नसते. मांडीवरची दांडी कमरेच्या हाडांवर घट्ट बसावी लागते. शरीर लहान असलं की मध्ये फट राहते, आणि उतारावर गाडी खाली जाते पण अंग वर उचललं जातं, त्या क्षणी मूल त्या फटीतून सरकू शकतं. बापाचे हात तेव्हा उपयोगाचे नसतात. त्याचं स्वतःचंच अंग उचललेलं असतं. अमेरिकेत कॅन्सास सिटीला २०१४ साली जगातली सगळ्यात उंच, ५१ मीटरची पाण्याची घसरगुंडी उघडली. तिघांची रबरी होडी, आणि सगळा हिशोब तिघांच्या मिळून वजनावर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एक होडी मधल्या उंचवट्यावरून हवेत उडाली आणि पुढे बसलेला दहा वर्षांचा मुलगा गेला. पुढे आरोपपत्रात आलं, की ती घसरगुंडी आखणाऱ्यांकडे इंजिनिअरिंगचं शिक्षणच नव्हतं.

यंत्रं दगा देतात, हे मी नाकारत नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियाला झोके घेणारी एक राइड मधूनच तुटून माणसांसकट खाली आली, दोघं गेले. त्यांनी सगळे नियम पाळले असते तरी गेलेच असते. त्याचं उत्तर राइड चालवणाऱ्यांनी आणि परवानगी देणाऱ्यांनी द्यायचं. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या हातात असतं ते फारच थोडं. वय, वजन, आजार खरा सांगणं आणि दारावरचा पोरगा 'नाही' म्हणाला तर ऐकणं. एवढंच आहे आणि तेवढंच आपल्याला जमत नाही. आणि त्या पोरांचं म्हणाल, तर २०१६ साली चेन्नईजवळच्या एका पार्कात नव्या राइडची चाचणी चालली असताना ती कोसळली. त्यात बसलेले सगळे तिथलेच कर्मचारी होते. एक जण गेला. आपल्याआधी त्या गाड्यांत बसून बघणारी ही माणसं असतात, आणि आपण त्यांना मॅनेजर दाखवतो.

वडील शेवटी तणतणत बाजूला झाले. मी मघाचाच संताप चेहऱ्यावर ठेवून, जबाबदार नागरिकाच्या थाटात, पुढे झालो.

"आजोबा," तोच पोरगा नम्रपणे म्हणाला, "बीपी वगैरे काही?"

"कुणाला?" मी विचारलं.

"यांना आहे," मागून बायकोचा आवाज आला. "सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. आणि मानेला पट्टा होता गणपतीपर्यंत."

एवढी माहिती त्याने मागितली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार आभाळाकडे बघू लागला. "आजोबा, तुम्ही तिकडे सावलीत बसा," पोरगा म्हणाला, आणि पुढच्या मिनिटाला माझ्या मांडीवर सोसायटीच्या आठ घरांचे मोबाइल, चष्मे, चार पर्स आणि अध्यक्षांची टोपी आली. बायको पहिल्या डब्यात बसली. पोरगा प्रत्येकाची दांडी हाताने ओढून बघत गेला, शेवटच्या माणसापर्यंत. कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळे फोटोसाठी वर बघत होते.

बाकावर दोन बोटं कमी पडलेली मुलगी आधीच बसली होती, हातात पेप्सीकोला. बूट तिने काढून ठेवले होते. तिने मला नीट न्याहाळलं.

"तुमची पण उंची कमी आहे?"

"थोडीशी," मी म्हणालो. बीपीपेक्षा ते बरं वाटलं.

"मग बूट घालायचे ना जाड."

गाडी चढावर टक-टक करत निघाली होती. मी तिला खटक्याची माहिती सांगू लागलो. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि पेप्सीकोलाचं खालचं टोक, जिथे रंग उरला नव्हता, मला देऊ केलं. सबंध दिवसात माझं व्याख्यान पुरतं ऐकणारी ती एकटीच.

तेव्हा आईवडील मंडळी, एवढंच सांगतो. त्या वयाचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. म्हणजे दोन बोटांहून जास्तच. त्यासाठी बुचडा लागत नाही, बूट लागत नाहीत, मॅनेजर तर मुळीच लागत नाही. पट्टी कुठे जात नाही, राइडही नाही. पुढच्या मे महिन्यात या.