बनी तो बनी, नाही तर परभणी

पुतण्या मुंबईला मेटल रॉकचा कार्यक्रम ऐकायला गेला होता. परत आला तेव्हा चेहरा ग्रामपंचायतीला पडलेल्या उमेदवारासारखा. डिपॉझिट गेलंय, पण कार्यकर्त्यांसमोर हसायचंय.

"कसा झाला रे?"

"एक नंबर, काका."

आवाज बसलेला, डोळे तांबारलेले, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात कुणाची तरी. अंगात कवटीचा काळा टीशर्ट. हा टीशर्ट आमच्या वहिनी इतर कपड्यांबरोबर भिजवत नाहीत. मढ्याला वेगळी बादली.

पुढची माहिती पीकविम्यासारखी आली, उशिरा आणि हप्त्याहप्त्यानं. पहिल्या दिवशी कळलं, बँड दीड तास उशिरा आला. दुसऱ्या दिवशी कळलं, गिटार ऐकूच आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, पुढं एक सहा फुटी माणूस होता आणि त्याच्या खांद्यावर त्याची मैत्रीण.

"मग तू बघितलं काय?"

"पडदा होता ना मोठा."

"पडद्यावर तर तू इथं रोजच बघतोस. तोही आडवा पडून."

"काका, तुम्हाला नाही कळायचं. लाइव्ह ते लाइव्ह."

आमच्या जिल्ह्याच्या नावावर दोन म्हणी आहेत. छाती फुगवून म्हणायची ती 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' उसासा टाकून म्हणायची ती 'बनी तो बनी, नाही तर परभणी.' रॉकचा चाहता जाताना पहिली म्हणत जातो आणि येताना दुसरी म्हणत येतो. आमचं गाव पिंगळी, परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं छोटं स्टेशन. मुंबईची गाडी धरायला आधी परभणी गाठा, मग तिथून देवगिरी नाही तर तपोवन आणि साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर. त्यात कार्यक्रमाचं तिकीट, तिकिटावर कर, करावर 'सुविधा शुल्क'. सुविधा कुणाची, ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

एवढा खर्च करून आलेला माणूस 'पडेल झाला' म्हणेल कसा? लग्नात नवरा काळा निघाला तरी वऱ्हाड जेवण चांगलं होतं म्हणतंच की.

*

आधी वेळेचं बघू.

उशिरा येणं ही रॉकमध्ये कला मानतात. आमच्याकडं त्याला 'आमदार साहेब वाटेत आहेत' म्हणतात. मुख्य बँडच्या आधी तिथं एक दुय्यम बँड वाजवतो, कुणी त्याच्यासाठी आलेलं नसतं. आमच्याकडं त्या जागी सत्कार असतात. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. फरक इतकाच, की सत्काराला कुणी तिकीट लावत नाही.

या कलेतले थोर गायक म्हणजे गन्स अँड रोझेसचे ॲक्सल रोझ. 8 ऑगस्ट 1992 ला कॅनडात मॉन्ट्रियलला त्यांचा आणि मेटॅलिका या बँडचा एकत्र कार्यक्रम होता. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड मंचावरच्या आतषबाजीत भाजला, त्यांचं वाजवणं अर्ध्यात थांबलं. मग बऱ्याच वेळानं दुसरा बँड आला आणि ॲक्सलचा घसा बसला म्हणून तोही लवकर उठला. एकाचा हात भाजला, दुसऱ्याचा घसा बसला, आणि तिसरा जो प्रेक्षक, त्यानं स्टेडियमच मोडायला घेतलं.

उलटही दाखला आहे. 1 फेब्रुवारी 2008 ला आयर्न मेडन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम. बँडचं स्वतःचं रंगवलेलं बोइंग 757 विमान, आणि ते चालवायला बँडचाच गायक ब्रूस डिकिन्सन. हा माणूस विमान चालवून आला आणि वर गायलाही. आमच्या पॅसेंजरचा ड्रायव्हर एक ओळ गात नाही, तरी गाडी लेट.

*

आता नावाचं.

डिसेंबर 2012 मध्ये गन्स अँड रोझेस मुंबईला आले. टीशर्ट विकत घेताना पोरांच्या डोळ्यांसमोर होता स्लॅश: उंच टोपी, झिपऱ्या, गिटार. स्लॅश बँड सोडून गेल्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. जुन्या दिवसांतले ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवाला डिझी रीड एवढेच उरले होते. बाकी मंडळी पुढं भरलेली. फसवणूक म्हणता येत नाही, कारण चाहत्याला हे ठाऊक होतं. ठाऊक असून गेला आणि 'एक नंबर' म्हणून आला.

स्लॅशसकट बँड मुंबईला आला तो 17 मे 2025 ला, महालक्ष्मी रेसकोर्सवर. म्हणजे 2012 ला ज्यांनी तिकीट काढलं त्यांना गिटारवाला साडेबारा वर्षांनी पोचता झाला, आणि त्याचं तिकीट वेगळं.

आमच्या जत्रेत तमाशाचा फड येतो तेव्हा पाटीवर 'अमुक सह तमुक' असं लिहिलेलं असतं. म्हातारी नाव देते, मुलगा फड चालवतो, आणि दोघांची नावं एका पाटीवर. त्या 'सह' शब्दात जेवढा प्रामाणिकपणा आहे तेवढा रॉकच्या अख्ख्या पोस्टरवर नाही. 'ॲक्सल रोझ सह इतर' असं छापलं असतं तर भांडणच नव्हतं.

मेटलवाले इतरांना मात्र सोडत नाहीत. 10 मे 2017 ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर जस्टिन बीबर नुसते ओठ हलवून गेला, गळा टेपचा होता, अशी ओरड झाली. मेटलवाल्यांना केवढा आनंद! आमच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्राचा गायकही ट्रॅकवरच गातो. पण वीज गेली की तो उघडा पडतो. परभणी जिल्ह्यात ही तपासणी महावितरण फुकट करून देतं.

*

आता आवाजाचं. इथं पुतण्याची तक्रार खरी होती, फक्त तिचं कारण त्याला माहीत नव्हतं.

लांबच्या बांधावर कुणी बाभळीवर कुऱ्हाड मारली की घाव आधी दिसतो, ठोका मागून ऐकू येतो. हे पिंगळीतल्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. म्हणजे मंचापासून शंभर मीटर मागं उभ्या माणसाला तो सुमारे 0.3 सेकंद उशिरा मिळतो. पडद्यावरचं चित्र मात्र लगेच. मेटलची जलद चाल मिनिटाला 200 ठोक्यांची धरली, तर एका ठोक्याला बरोबर 0.3 सेकंद लागतात. म्हणून स्वस्त तिकिटावरचा चाहता अख्खा कार्यक्रम एक ठोका मागं राहून मुंडी हलवतो. त्यावर उपाय आहे. मैदानात मध्येमध्ये मनोरे उभे करून त्यांवरचे स्पीकर मोजून तेवढेच उशिरा वाजवतात, म्हणजे मंचावरून चालत आलेला आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज एकत्र कानात पडतात. मनोरे कमी लावले किंवा हिशेब चुकला, की गिटारीचा गाळ होतो आणि ढोलाचे दणके तेवढे छातीवर बसतात.

पुतण्यानं मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण आईला, म्हणजे त्याच्या आजीला, ऐकवलं. तिनं पाच मिनिटं भक्तिभावानं ऐकलं आणि विचारलं, "गाणं कव्हा सुरू व्हतंय? का आजून मांडवच ठोकायलेत?"

*

पाण्याचं बोललंच पाहिजे. घरची बाटली दारावर काढून घेतात. आत तीच बाटली चढ्या भावानं मिळते. पुतण्या म्हणाला, "सगळीकडं असंच असतं."

असतं खरं. जुलै 1999 मध्ये अमेरिकेत वुडस्टॉक या संगीत महोत्सवाचा तिसावा वाढदिवस केला. बंद पडलेला हवाई तळ, डांबर आणि काँक्रीटची जमीन, डोक्यावर ऊन, आणि पाण्याची बाटली 4 डॉलरला. शेवटच्या रात्री पोरांनी आगी लावल्या आणि गाड्या उलट्या केल्या. लोक म्हणाले, हा त्या आक्रस्ताळ्या संगीताचा परिणाम. मराठवाड्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, हा पाण्याचा परिणाम. 2016 मध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तिथल्या प्रशासनाला पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. कुणी गिटार वाजवत नव्हतं.

*

आणि वेळ संपण्याचं. 30 एप्रिल 2023 ला पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम रंगात आला आणि रात्रीचे दहा वाजले. पोलीस थेट मंचावर चढले, बंद करा म्हणाले, बंद झालं. दुसऱ्या दिवशी रहमान यांनीच याला 'रॉकस्टार' क्षण म्हणून हसून सोडून दिलं. दहाचा नियम चांगलाच आहे. फक्त पोलिसांचं हे घड्याळ नवरदेवाच्या वरातीत डीजेसमोर आलं की त्याचा सेल संपतो.

*

सगळ्यात मोठी निराशा मात्र गुडगावची. 28 ऑक्टोबर 2011. मेटॅलिका भारतात पहिल्यांदा येणार म्हणून देशभरातून पोरं तिथं जमली. पुढचं बॅरिकेड तुटलं, सुरक्षेचा प्रश्न आला, कार्यक्रम आधी उद्यावर आणि मग कायमचा गेला. पोरं मंचावर चढली, सामानाची मोडतोड झाली, आयोजकांच्या माणसांना अटक झाली. दोन दिवसांनी बँडनं बंगळूरला झकास वाजवलं. गुडगावच्या पोरांना त्याचा काय उपयोग?

हे सगळं ओळीनं मांडल्यावर एक गोष्ट दिसते. रॉकच्या चाहत्याला दोनच सूर लागतात. एक तर 'एक नंबर', नाही तर तोडफोड. मधली पट्टी त्याच्या गळ्यातच नाही. बंडाची गाणी छाती पिटून म्हणणारा हा प्राणी गिऱ्हाईक म्हणून गाईपेक्षा गरीब. रांगेत उभा राहील, बाटली काढून देईल, मनगटाला पट्टी बांधून घेईल, दीड तास ताटकळेल, आणि घरी येऊन बँडची बाजू घेईल.

पूर्वी असं नव्हतं. 1986 ला मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावचं रंगभवन हे त्याचं घर. जागा एवढी आटोपशीर, की तुम्ही हुर्यो उडवली तर वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत जायची. नवख्या बँडला घाम फुटायचा. जवळच कॉलेज आणि दवाखाने, त्यामुळं ते शांतता क्षेत्रात अडकलं आणि तिथला रॉक बंद पडला. चाहता तिथून मोठ्या मैदानावर गेला. मैदान इतकं मोठं, की बँडचा आवाज त्याच्यापर्यंत एक ठोका उशिरा येतो, आणि त्याचा आवाज बँडपर्यंत येतच नाही.

जर्मनीत तरी काय वेगळं? मेटलची पंढरी म्हणजे वाकेन, दोनेक हजार वस्तीचं खेडं. 2023 ला एवढा पाऊस झाला की रानाचा चिखल झाला. तिकिटं 85,000 विकलेली. आयोजकांनी लोकांना येऊच नका म्हणून सांगितलं, हजारो वाटेतून मागं फिरले. ट्रॅक्टरनं गाड्या ओढून काढाव्या लागल्या. पैसे मात्र परत दिले. एवढं एक सोडलं तर काळ्या रानातला पाऊस, फसलेली चाकं आणि ट्रॅक्टरवाल्याची विनवणी. जगात जर्मनी, भारतात परभणी ही म्हण पहिल्यांदाच पटली.

*

परवा गावात सप्ताह होता. पुतण्याला ओढून नेलं. तो मागं बसला, तोच कवटीचा टीशर्ट, मोबाइल हातात. अभंग रंगात आला होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

"थांबा. पखवाज बसलाय."

सगळे थांबले. खरंच डाव्या तोंडाची कणीक सुकून आवाज भद्द झाला होता. वाजवणाऱ्यानं मान खाली घातली, ओली कणीक लावली, थाप मारून बघितली. म्हाताऱ्यानं मान डोलावल्यावर अभंग पहिल्यापासून घेतला. या म्हाताऱ्याची तारीफ करतो आहे असं समजू नका. काही बिघडलेलं नसतानाही तो दर सप्ताहात दोनदा थांबवतो.

पुतण्यानं मोबाइल खिशात घातला.

"काका, त्याचं ऐकलं त्यांनी?"

"ऐकणारच."

"कामून? तिकीट तर नाही इथं."

"कणकेचं पीठ त्याच्या घरचं हाय."

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो कार्यक्रम पडेल होता, काका."

पहिल्या हप्त्यातच सांगितलं असतं तर?