मुक्काम पोस्ट आयसीयू : एका बुरशीला अनावृत पत्र

श्रीमती कँडिडा ऑरिसबाई यांस,
मुक्काम पोस्ट अतिदक्षता विभाग, कोणतेही मोठे शहर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला जाहीर सत्कार करायचा राहूनच गेला. 2009 साली टोकियोतल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानात आपण सापडलात आणि लॅटिनमध्ये कानाला ‘ऑरिस’ म्हणतात म्हणून तेच नाव आपल्याला चिकटले. कानाच्या दारात बसलेली एक किरकोळ बुरशी, एवढीच तेव्हा आपली ओळख. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची यादी केली, तेव्हा आपण सर्वांत वरच्या गटात होतात. तेरा वर्षांत इतकी बढती सरकारी खात्यातही कोणाला मिळत नाही. लोक याचे श्रेय आपल्या चिवटपणाला देतात, आणि तो आहेच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाने आपले सुमारे 90 टक्के नमुने फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला आणि सुमारे 30 टक्के अँफोटेरिसिन बी या दुसऱ्या औषधाला जुमानत नाहीत. तरीही माझे मत असे की, या यशात आपला वाटा थोडा आणि यजमानांचा, म्हणजे रुग्णालयांचा, मोठा आहे.

औषधाला दाद न देण्याचा गुण कामाला येतो तो रक्तात शिरल्यावर. त्याआधी खाटेपर्यंत पोचावे लागते, आणि आपल्याला ना पाय आहेत ना पंख. धडधाकट माणसाच्या वाटेला आपण सहसा जातही नाही. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी, घशात व्हेंटिलेटरची नळी, आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके चालू असलेला रुग्ण आपल्याला लागतो, कारण प्रतिजैविकांनी अंगावरचे जिवाणू मारून आपल्यासाठी जागा रिकामी केलेली असते. मग तिथवर नेते कोण? ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांपर्यंत आपण पोचलात. शोध घेता घेता बोट आले ते काखेत ठेवून ताप मोजणाऱ्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या उपकरणावर. इतर उपायांनी न हटलेली साथ ती उपकरणे बाजूला काढल्यावर ओसरली. म्हणजे आपली पालखी वाहणारे भोई कोण, तर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नीट न पुसता जाणाऱ्या साध्यासुध्या वस्तू. प्लास्टिकवर आपण आठवडेच्या आठवडे तग धरता. रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी अमोनियमयुक्त जंतुनाशके आपल्यावर फारशी चालत नाहीत. क्लोरीनची किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची चालतात. पण फरशीला वास आला की सफाई झाली, हा आमचा समज पक्का असल्याने आपल्याला चिंता नाही.

यजमानांचा दुसरा उपकार म्हणजे ते आपले नाव विचारत नाहीत. प्रयोगशाळेतली जुनी यंत्रे आपल्याला ‘कँडिडा हिम्युलोनाय’ ही दुसरीच बुरशी समजत. माल्डी-टॉफ नावाची नवी, अद्ययावत यंत्रे आपल्याला बरोबर ओळखतात, पण ती सगळीकडे कुठली? भारतातल्या 27 अतिदक्षता विभागांच्या पाहणीत रक्तातल्या कँडिडा संसर्गाच्या 1400 रुग्णांपैकी 74 जणांत आपण निघालात, आणि 27 पैकी 19 विभागांत आपला मुक्काम होता. ते नमुने 2011-12 मधले. दिल्लीतल्या 12 रुग्णांच्या निमित्ताने भारतातून आपले नाव शोधपत्रिकेत छापून आले ते 2013 साली. बारसे होण्याआधीच आपण घर बळकावले होतेत.

आपली वकिली करणारेही आहेत. ते म्हणतात, असे रुग्ण आधीच अत्यवस्थ असतात, मग मृत्यूचा दोष बुरशीला कसा द्यायचा? मुद्दा खरा आहे. 2020 मध्ये दिल्लीच्या एका कोविड आयसीयूत आपण दहा जणांच्या रक्तात सापडलात आणि त्यांतले सहा दगावले. त्यात कोविडचा वाटा किती आणि आपला किती, हे तराजूत तोलता येत नाही. पण संसर्ग रुग्णालयातच जडला होता, आणि अत्यवस्थ माणसाला आणखी एक आजार देणे हे कोणत्याच उपचारात बसत नाही. दुसरे म्हणतात, नवी औषधे येतीलच. पण आज बुरशीविरुद्ध रक्तात देण्याजोग्या औषधांची मुख्य कुळे तीनच. त्यांतल्या शेवटच्या आधारालाही, म्हणजे एकायनोकँडिनला, न जुमानणारे आपले रुग्ण अमेरिकेत 2021 साली आधीच्या वर्षांच्या तिपटीने वाढले. औषध येईपर्यंत तापमापक पुसायला कोणाची हरकत आहे? तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: नाव जाहीर केले तर रुग्ण घाबरतील आणि रुग्णालय बदनाम होईल. भीती वाटेल हे खरेच. पण ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच वॉर्डातली चूक 2018 साली छापून टाकली, म्हणून जगाला तापमापकाकडे संशयाने पाहायला शिकता आले. त्यांनी मौन पाळले असते, तर तोच धडा प्रत्येक रुग्णालयाला आपापल्या रुग्णांच्या जिवावर शिकावा लागला असता.

तेव्हा बाई, सत्कार आपला असला तरी शाल-श्रीफळ यजमानांच्या हाती द्यावे म्हणतो. आणि हे पत्र मध्येच उघडून वाचणाऱ्या नातेवाइकांना एक विनंती: रिपोर्टवर नुसते ‘यीस्ट’ लिहिलेले दिसले, तर ‘कोणते?’ एवढे विचारा. उत्तर ‘ऑरिस’ आले, तर या खाटेचा तापमापक आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या खाटेवर जातो का, हेही विचारा. दोन्ही प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

कळावे, लोभ नसावा.