विजयाचे खजिनदार

भारत-पाकिस्तान सामना जाहीर झाला की कुणी खेळपट्टीबद्दल बोलतं, कुणी संघनिवडीवर चिडतं, कुणी रजेचा अर्ज टाकतं. आमचे खजिनदार कालनिर्णय काढून बसतात. त्या दिवशी तिथी कोणती, उपास कुणाकुणाला, दुसऱ्या दिवशी पाणी येणार की नाही, एवढं पाहिलं की त्यांचा सामन्याचा अभ्यास संपतो. मग पावतीपुस्तक काखोटीला मारून ते दारोदार निघतात.

"सामना परवा आहे हो. जिंकलो की देऊ."

"जिंकलात की तुम्ही नाचत असता. नाचणाऱ्याच्या हाताला पाकीट लागत नाही, हा माझा अनुभव आहे."

हे सोसायटीचे खजिनदार नव्हेत. ते निवडून आलेले आहेत, वेगळे आहेत आणि यांना घाबरून असतात. आमचे खजिनदार फक्त विजयाचे. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ क्रिकेट किती जाणतो, हे त्यांच्या पत्नीला विचारावं. "ह्यांना अजून स्लिप म्हणजे पावतीच वाटते," असं त्या सांगतात. सामना चालू असताना खजिनदार दोनच प्रश्न विचारतात : किती हवेत? चेंडू किती? उत्तरावरून ते मनातल्या मनात हिशेब करतात. हा हिशेब रनरेटचा नसतो. पेढ्यांचा खोका कधी फोडायचा आणि उदबत्ती कधी पेटवायची, याचा असतो.

प्रत्येक पेठेत, प्रत्येक कॉलनीत असा एक माणूस असतो. बाकीचे सगळे विजयावर विश्वास ठेवतात. हा आगाऊ रक्कम देतो.

त्यांचा हा अवतार सुरू झाला १८ जानेवारी १९९८ ला. तेव्हा सदाशिव पेठेत आमचा वाडा उभा होता. ढाक्याला इंडिपेंडन्स कपचा अंतिम सामना होता. पाकिस्तानने ४८ षटकांत ३१४ केल्या होत्या. गांगुली १२४ करून परतला, ढाक्यात अंधारून आलं, आणि दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना सकलेन मुश्ताकसमोर उभा होता आमच्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. डावखुऱ्या कानिटकरने चेंडू सीमेपार धाडला आणि वाडा हादरला.

हादरला, पण नुसताच. माणसं चौकात आली, एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मग काय करायचं ते कुणाला सुचेना. घरात ना फटाका, ना पेढा. तेवढ्यात पलीकडच्या वाड्यातून लवंगी माळेचा कडकडाट सुरू झाला. तिथले कार्यवाह दूरदृष्टीचे. त्यांनी दिवाळीतल्या माळा जपून ठेवल्या होत्या. पुण्याच्या पोराने चौकार मारला आणि आवाज त्यांच्या वाड्यातून आला! खजिनदार लालबुंद झाले. संक्रांत होऊन चारच दिवस झालेले. त्यांनी घरोघरचे डबे रिकामे करून उरलेला तिळगूळ जमवला आणि पलीकडच्या वाड्याच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणतानाचा त्यांचा चेहरा पाहून दोन माणसं हात पुढे न करताच निघून गेली.

"आनंद दारात आला आणि घरात द्यायला काही नाही," त्या रात्री ते म्हणाले. "पुन्हा असं होणार नाही."

आणि झालं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही घातली. तिची घडी पुढे पक्की बसली. पेढे घ्यायचे ते परतीच्या बोलीवर : सामना हरलो तर खोका न फोडता परत. ही अट पुण्यातल्या मिठाईवाल्याकडून मान्य करवून घेणं हाच मुळात एक विजय आहे. त्याची नोंद क्रिकेटच्या इतिहासात नाही, वहीत आहे.

वहीत तारखा कंसात असतात, मुख्य नोंद तिथीची. '२००३, सेंच्युरियन' असं त्यांच्यापुढे म्हणालात तर ते क्षणभर बावचळतात. 'महाशिवरात्र' म्हणा, लगेच ओळख पटते. १ मार्चला महाशिवरात्र आल्यामुळे बटाटेवड्यांचा बेत रद्द करून साबुदाणा वड्यांवर यावं लागलं होतं. सचिनने शोएब अख्तरला थर्डमॅनच्या डोक्यावरून षटकार मारला तेव्हा साऱ्या देशाचा श्वास अडकला होता. खजिनदार मात्र स्वयंपाकघरात दाण्याच्या कुटाबद्दल वाद घालत होते. सचिनच्या शतकासाठी त्यांनी कंदी पेढ्यांची स्वतंत्र तरतूद ठेवली होती. सचिन ९८ वर गेला. लोक हळहळले, खजिनदार अडचणीत आले. दोन धावांसाठी तरतूद रद्द करायची की पुढे ओढायची? द्रविड आणि युवराजने सामना संपवला तेव्हा त्यांनी निर्णय दिला : "अठ्ठ्याण्णव टक्के खर्च मंजूर." खोक्यातले दोन पेढे त्यांनी खरोखरच बाजूला काढून ठेवले.

२००७ ची टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत वहीत 'अनंत चतुर्दशीची आदली रात्र' म्हणून आहे. जोहान्सबर्गला सामना आणि पुण्यात उद्या विसर्जन. ढोल तापवून तयार, ताशे ताणलेले, पोरं हाताला पट्ट्या बांधून बसलेली. नियोजनाची एवढी अनुकूल तिथी पुन्हा येणं कठीण. शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या, गडी एकच उरलेला. मिसबाहने एक षटकार मारला तसे खजिनदार पेढ्यांच्या पावतीवरच्या परतीच्या अटी वाचू लागले. पुढच्याच चेंडूला मिसबाहने मागे उचललेला झेल श्रीशांतने घेतला, आणि बाप्पाची मिरवणूक आमच्याकडे एक दिवस आधी निघाली. त्या खर्चापुढे वहीत लिहिलंय : 'श्री. जोगिंदर शर्मा प्रीत्यर्थ.' जोगिंदर त्यानंतर भारताकडून पुन्हा खेळला नाही. आमच्या वहीत मात्र तो देणगीदारांच्या वर आहे.

आता पराभवांचं. लोक पराभव विसरतात, कारण त्यांच्याकडे माल शिल्लक राहत नाही. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना आपण १८० धावांनी हरलो. फखर झमान तीनवर असताना झेलबाद झाला, पण बुमराहचा तो चेंडू नो-बॉल ठरला आणि पुढे फखरने शतक ठोकलं. क्रिकेटरसिक तो नो-बॉल आठवून हळहळतात. खजिनदार हळहळतात ते जूनच्या हवेत सादळलेल्या फटाक्यांच्या खोक्यासाठी. पेढे परत जातात, फटाके जात नाहीत.

२०२१ ला दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं तो दिवस संकष्टीचा. परतीच्या भानगडीला कंटाळून खजिनदारांनी त्या वेळी पेढ्यांऐवजी उकडीचे मोदक सांगितले होते. चंद्रोदयाच्या आतच रोहित पहिल्या चेंडूवर परतला, मागोमाग राहुल. मोदक मात्र परत करता येईनात, कारण नैवेद्य दाखवून झाला होता. रात्री पार्किंगमध्ये तीस माणसं एकमेकांकडे न बघता मोदक खात उभी होती. "तूप घ्या," एवढंच खजिनदार म्हणत होते.

दरम्यान वाडे पाडले गेले, सोसायट्या झाल्या. आमची झाली, पलीकडची झाली. खजिनदारांचा आणि कार्यवाहांचा सामना मात्र संपला नाही. पाकिस्तानशी आपली गाठ अधूनमधून पडायची. कार्यवाह रोज सकाळी दुधाच्या रांगेत भेटायचे. जिंकल्यावर पहिली माळ कुणाची वाजते हाच खरा निकाल. ती त्यांची वाजली, तर त्या दिवशी पाकिस्तान हरूनही आमच्या खजिनदारांना जेवण जात नसे.

मोबाइलवर सामने बघायची पद्धत आली आणि या लढतीला नवंच वळण मिळालं. कुणाचं चित्र आधी, कुणाचं मागून. आमच्याकडे चेंडू अजून गोलंदाजाच्या हातात असायचा आणि पलीकडे आरोळी उठायची. खजिनदारांनी सगळ्या मजल्यांची पाहणी केली. तळमजल्यावरच्या आजींचा केबलवरचा जुना टीव्ही सगळ्यांच्या पुढे धावतो, असा शोध लागला. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी आजींच्या खिडकीत एक पोरगा आणि पार्किंगमध्ये उदबत्ती घेऊन दुसरा, अशी क्षेत्ररचना असते.

या रचनेची परीक्षा झाली २३ ऑक्टोबर २०२२ ला. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी, घरोघर चकल्या चालू. मेलबर्नला आपले चार गडी ३१ धावांत गेले तेव्हा खजिनदारांनी फटाके निमूटपणे दिवाळीच्या खात्यात वर्ग केले. मग कोहलीने हारिस रौफला दोन षटकार मारले आणि फटाके परत विजय खात्यात आले. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या. उदबत्ती पेटली. पहिल्याच चेंडूवर हार्दिक गेला, उदबत्ती विझवली. नो-बॉलवर षटकार गेला, पेटवली. फ्री हिटवर कोहलीच्या यष्ट्या उडाल्या, घाबरून विझवली. त्याच चेंडूवर तीन बाय पळून काढल्याचं कळलं, पेटवली. कार्तिक यष्टिचीत, विझवली. पोरगा रडकुंडीला आला. "काका, काडेपेटी संपत आली!" अश्विनने वाइड सोडला आणि मग चेंडू मिडऑफवरून उचलला, तेव्हा उदबत्तीचा पुडा अर्धा झाला होता.

माळ मात्र आमची आधी वाजली. पण सुख लागेना. चहूकडून फटाके वाजत होते आणि खजिनदार गच्चीवर कान देऊन उभे होते. "यातले विजयाचे किती आणि दिवाळीचे किती?" ज्याला त्याला ते विचारत राहिले.

सोसायटीतली पोरं अशा वेळी झेंडे घेऊन गुडलक चौकात धावतात. खजिनदार एकदाच गेले होते. हजारो माणसं, गाड्यांच्या टपांवर पोरं, शिट्ट्या, घोषणा. ते पाच मिनिटांत परतले. "उत्साह आहे, पण जबाबदार माणूस कुणीच दिसला नाही," असा शेरा त्यांनी दिला.

त्यांचा विश्वास एकदाच डळमळला. ९ जून २०२४, न्यू यॉर्क. तीन बाद ८९ वरून सगळे ११९ त आटोपले. खजिनदारांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर असताना पेढे परत केले आणि झोपले. रात्री एकच्या सुमारास दार ठोठावलं गेलं. बुमराहने चौदा धावांत तीन बळी घेतले होते, पाकिस्तान ११३ वर थांबलं होतं, आणि अख्खी सोसायटी जिन्यात उभी राहून तोंड गोड करायला मागत होती. खजिनदारांनी एका शब्दाचं स्पष्टीकरण न देता स्वयंपाकघरातला साखरेचा डबा आणला आणि चिमूटचिमूट वाटायला सुरुवात केली. "आपल्याकडे विजयाची साखरच वाटतात," ते म्हणाले. हत्ती सोडला तर बाकी परंपरा पाळली गेली.

मग आलं २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानशी खेळावंच का, यावरून सोसायटीत दोन तट पडले. आशिया चषकात तीन रविवारी तीन सामने होते. काहींनी वर्गणी साफ नाकारली. एरवी दहा रुपयांसाठी तीन जिने चढणाऱ्या खजिनदारांनी या वेळी कुणाशीही वाद घातला नाही. नकार देणाऱ्यांची नावं वहीत लिहिली आणि पुढे 'मान्य' असं टाकलं. पहिले दोन सामने पितृपक्षात होते. आपण ते जिंकले आणि फटाके न वाजता पार पडले. अंतिम सामना नवरात्रात, २८ सप्टेंबरला आला.

त्या रात्री खजिनदार विचित्र अस्वस्थ होते. पाकिस्तान एक बाद ११३ वरून १४६ त गुंडाळलं गेलं, तरी ते खूश नाहीत. आपले तीन गडी वीस धावांत गेले, तरी ते घाबरले नाहीत. सारखे पलीकडच्या सोसायटीकडे बघत होते. कार्यवाह पावसाळ्याआधीच मुलाकडे वाकडला राहायला गेले होते. त्यांच्यामागे तिथे कुणी वही घातली नव्हती. पलीकडचं पार्किंग अंधारात होतं.

तिलक वर्मा पन्नाशीपलीकडे गेला तसे खजिनदार उठले. आमच्या खोक्यातल्या निम्म्या माळा पिशवीत घातल्या, वर उदबत्तीचा पुडा ठेवला आणि पलीकडे निघाले.

"अहो, त्यांना कशाला?" आम्ही ओरडलो.

"समोर कुणी नसेल तर जिंकायचं कुणाशी?" ते म्हणाले आणि पलीकडच्या पोरांना माळ कशी सोडवायची, वात कुठली, हे सांगून परत आले. रात्री दहानंतर फटाक्यांना बंदी आहे हा नियम त्यांना पाठ आहे. म्हणून ते स्वतः कधीच पेटवत नाहीत, फक्त पुरवठा करतात.

रिंकू सिंगला एकच चेंडू खेळायला मिळाला. त्याने तो सीमेपार पाठवला. आजींच्या खिडकीतला पोरगा ओरडायला तोंड उघडतो न उघडतो तोच पलीकडून कडकडाट सुरू झाला. चांगला चार-पाच सेकंद आधी.

खजिनदार लालबुंद झाले. "बघितलंत? आमच्याच माळा, आमचीच उदबत्ती, आणि आमच्याआधी!" एवढं बोलून त्यांनी खिशातून फोन काढला आणि रात्री बाराच्या सुमारास वाकडला लावला. "कार्यवाह, अहो झोपलात काय? तुमची पोरं आज जिंकली. हो हो, भारतही जिंकला. पण उद्या सकाळी इकडे या आणि माळांची पावती करून जा."